‘हो’ म्हणजे नक्की काय? जर्मन आणि जपानी सहकाऱ्यांबरोबर काम करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवाहू गाडीला ‘टेम्पो’ म्हणताना तो शब्द हॅम्बुर्गमधल्या एका जर्मन कारखान्याच्या नावावरून आपल्याकडे आला, हे आता कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या कारखान्याशी सहकार्य करून १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली. नाशिकमध्ये जुनी माणसे आजही ‘मायको’ म्हणतात तो बॉशचा कारखाना आला, ऐंशीच्या दशकात बजाज आणि कावासाकी एकत्र आले, नव्वदच्या दशकात मर्सिडीज-बेंझ पुण्यात आली आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा चाकणचा प्रकल्प सुरू झाला. पुणे-नाशिक पट्ट्यातला माणूस जर्मन आणि जपानी माणसांबरोबर काम करू लागला त्याला दोन पिढ्या उलटल्या. तरीही अशा प्रकल्पावर पहिल्यांदा जाणारी मुले आणि त्यांचे विभागप्रमुख मला तेच ते प्रश्न विचारतात. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगात परदेशी ग्राहकांशी समन्वय ठेवणे हे माझे काम असल्यामुळे उत्तरे मला पुष्कळदा स्वतःच्या चुकांतूनच मिळाली आहेत.

जर्मन सहकारी म्हणतात की तुम्ही ‘हो’ म्हणता आणि काम होत नाही. यात चूक कोणाची?

आमच्याकडे घडलेला एक प्रसंग सांगतो. बुधवारी दुपारी फोनवर बैठक चालली होती आणि ग्राहकाच्या गुणवत्ता विभागातील जर्मन गृहस्थांनी नमुने शुक्रवारी निघतील का, असे विचारले. आमच्या सुपरवायझरने क्षणाचाही विलंब न लावता ‘येस, येस’ म्हटले. त्या वेळी ते नमुने प्लेटिंगसाठी, म्हणजे धातूचा मुलामा चढवण्यासाठी, बाहेर गेले होते, प्लेटिंगवाल्याकडे सकाळपासून वीज नव्हती आणि ही गोष्ट आमच्या चहावाल्यालाही ठाऊक होती. तरीही सुपरवायझर खोटे बोलत नव्हता. ‘तुमची निकड मला समजली, माझ्याकडून कसूर होणार नाही आणि वीज आली तर माल शुक्रवारी निघेल,’ एवढा सगळा मजकूर त्याने त्या एका शब्दात भरला होता. पलीकडच्या माणसाने मात्र ‘शुक्रवारी निघतील’ एवढेच ऐकले. सोमवारी त्याचे तीन ओळींचे पत्र आले. उशीर का झाला, हे त्यात विचारलेच नव्हते. जी अडचण बुधवारी माहीत होती ती बुधवारी का सांगितली नाही, एवढाच त्याचा प्रश्न होता.

आपल्याकडचा ‘हो’ ही ऐकून घेतल्याची पावती असते. तिकडे तीच हुंडी समजली जाते आणि ठरल्या दिवशी वटवायला आणली जाते. मराठी कानाला या ‘हो’ची प्रतवारी बरोबर कळते. ‘करतो’, ‘करतो ना’, ‘बघतो’, ‘बघू या’, ‘होऊन जाईल’, ‘जमेल बहुतेक’ या उत्तरांवरून काम होण्याची शक्यता किती हे आपण मनातल्या मनात ताडतो आणि ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतो. इंग्रजीत आणताना मात्र या साऱ्या छटा एकाच ‘येस, विल बी डन’मध्ये विरून जातात. भाषांतर करणाऱ्याची लबाडी नसते आणि ऐकणाऱ्याचा हेकटपणाही नसतो. मधल्या मधे अर्थाचे वजन तेवढे बदलते.

‘नको’ची गोष्टही तशीच आहे. पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणायचे आणि यजमानाने आग्रह करायचा, हा आपला रिवाज. आमचा एक सहकारी पहिल्यांदा श्टुटगार्टला गेला तेव्हा यजमानांनी आणखी वाढू का असे विचारले, हा सवयीने नको म्हणाला आणि भांडे उचलून आत नेले गेले. त्या रात्री त्याने हॉटेलात बसून बरोबर नेलेल्या चकल्या खाल्ल्या. यजमानांनी त्याच्या शब्दाचा मानच राखला होता.

मग सरळ ‘नाही’ म्हणावे का? ग्राहकाला तोंडावर नकार देणे उद्धटपणाचे वाटते.

नुसते ‘नाही’ म्हणण्याची गरज क्वचितच पडते. वस्तू आत्ता कुठे आहे, काम कशामुळे अडले आहे आणि पुढची खबर आपण केव्हा देणार आहोत, एवढे सांगितले की जर्मन माणसाला त्याचे उत्तर मिळते. ‘भाग प्लेटिंगला आहेत. उद्या सकाळी दहापर्यंत वीज आली तर शुक्रवारी निघतील, नाही तर सोमवारी. उद्या साडेदहाला कळवतो.’ या तीन वाक्यांत नकारही आहे आणि अदबही आहे. साडेदहाला कळवतो म्हटल्यावर मात्र सांगण्यासारखे नवीन काही नसले तरी साडेदहाला कळवलेच पाहिजे. आपली माणसे नेमकी येथे चुकतात. चांगली बातमी हाती आली की एकदमच सांगू, म्हणून थांबतात आणि त्या शांततेत पलीकडच्या माणसाचा विश्वास उडतो.

जर्मन अधिकारी सगळ्यांसमोर चुका काढतात. ते आमच्यावर नाराज असतात का?

बहुतेक वेळा नसतात. मुद्द्याला धरून, माणसाला बाजूला ठेवून बोलणे याला जर्मनमध्ये ‘झाख्लिश’ असा शब्द आहे आणि तो तेथे गुण समजला जातो. तुमच्या आराखड्यातल्या सात चुका वाचून दाखवणारा माणूस अर्ध्या तासाने तुमच्याबरोबर निवांत कॉफी घेतो, कारण त्याच्या दृष्टीने चुका आराखड्याच्या होत्या. आपल्याकडे आराखडा आणि तो काढणारा यांत एवढे अंतर नसते. कामाला नावे ठेवली की माणसाला ठेवल्यासारखे होते, आणि चारचौघांत ठेवली तर घरी जाईपर्यंत ते डोक्यातून जात नाही.

कौतुकाच्या बाबतीतही हात आखडता असतो. मर्सिडीज आणि बॉश या दोन्ही कंपन्यांचे माहेर असलेल्या श्टुटगार्टच्या परिसरात स्वाबियन बोली बोलली जाते आणि तिच्यात एक म्हण आहे: रागावले नाहीत म्हणजे पुरेसे कौतुक झाले. तिकडून ‘ओके’ एवढेच उत्तर आले तर वाईट वाटून घेऊ नये. खरे तर स्पष्टवक्तेपणाबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेणाऱ्या पुणेकराला हे परके वाटण्याचे कारण नाही. पण आपला स्पष्टवक्तेपणा दारावरच्या पाटीपुरता असतो, साहेबांसमोर तो बाहेर पडत नाही.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. कामाऐवजी तुमच्या बुद्धीवर, देशावर किंवा उच्चारावर कुणी शेरे मारत असेल तर ती संस्कृती नव्हे; तो साधा उर्मटपणा आहे आणि त्याची तक्रार रीतसर करावी.

जपानी पाहुणे सारखे ‘हाय, हाय’ म्हणत मान डोलावतात. त्यांचा होकार समजावा का?

समजू नये. ‘हाय’चा शब्दशः अर्थ ‘हो’ असला तरी बोलणे चालू असताना मध्ये मध्ये येणारा ‘हाय’ म्हणजे ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ एवढाच असतो. अशा प्रतिसादांना जपानीत ‘आइझुची’ म्हणतात. आजी गोष्ट सांगताना आपण देत होतो तो हुंकार म्हणजे हाच; हुंकार थांबला की आजी विचारायची, झोपलास का? बैठकीतून बाहेर आल्यावर ‘सगळ्याला हो म्हणाले’ असा अहवाल देणारे आपले लोक हुंकारालाच होकार समजून चाललेले असतात.

नकारही जपानीत क्वचितच नकाराच्या वेशात येतो. ‘मुझुकाशिई देसु’ म्हणजे ‘कठीण आहे’ आणि ‘केन्तो शिमासु’ म्हणजे ‘विचार करू’. कामाच्या बोलण्यात ही दोन्ही वाक्ये पुष्कळदा ‘नाही’ या अर्थाने येतात. ‘बघू’ म्हणून वाटेला लावण्याची कला अवगत असलेल्या मराठी माणसाला हे लगेच उमगायला हवे. पण इंग्रजीतून ‘डिफिकल्ट’ असे ऐकले की आपला विक्री अधिकारी खूश होतो, कारण त्याच्या हिशेबी कठीण म्हणजे अशक्य नव्हे, घासाघीस करायला जागा आहे.

शांततेचा अर्थ लावणे याहून अवघड असते. चाकणच्या एका बैठकीत आम्ही भाव सांगितला आणि समोरचे तिघेही जपानी पाहुणे गप्प झाले. एकाने दात दाबून हवा आत ओढली, दुसरा कागदाकडे बघत राहिला. पंधरा-वीस सेकंद झाली असतील, पण आमच्या विक्री अधिकाऱ्याला ती सोसवली नाहीत आणि त्याने आपणहून दोन टक्के कमी केले. पुन्हा शांतता पसरली. त्याने आणखी एक टक्का सोडला. नंतर दुभाषी बाईंनी सांगितले की भावाबद्दल त्यांची काही तक्रारच नव्हती, पहिल्या खेपेची तारीख त्यांच्या सुट्ट्यांत येत होती आणि ते त्याचा विचार करत होते. ते तीन टक्के परत मिळाले नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: भाव सांगितल्यावर पाण्याचा ग्लास उचलायचा.

‘होरेन्सो’ आणि ‘नेमावाशी’ हे शब्द सारखे कानावर येतात. ते काय आहे?

‘होकोकु’ म्हणजे अहवाल देणे, ‘रेनराकु’ म्हणजे कळवणे आणि ‘सोदान’ म्हणजे सल्ला घेणे. या तीन शब्दांची पहिली अक्षरे जोडून ‘होरेन्सो’ होते. जपानीत पालकाच्या भाजीलाही होरेन्सोच म्हणतात, त्यामुळे हा शब्द लगेच लक्षात राहतो. काम पूर्ण झाल्यावर एकदाच सांगणे त्यांना अपेक्षित नसते. काम कुठवर आले ते सतत कळत राहावे, वाईट बातमी तर आधी कळावी आणि निर्णय घेण्यापूर्वी विचारले जावे, अशी त्यांची अपेक्षा असते. आपल्या तरुण अभियंत्यांना यात अविश्वास दिसतो. ‘मला काम दिले आहे ना, मग सारखे काय विचारता?’ हा त्यांचा सूर समजण्यासारखा आहे. पण वरिष्ठाला न सांगता प्रश्न परस्पर मिटवणे हा जपानी कार्यालयात पराक्रम मानला जात नाही.

झाड दुसरीकडे लावण्यापूर्वी त्याच्या मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करतात, त्या कामाला ‘नेमावाशी’ म्हणतात. कचेरीत त्याचा अर्थ प्रस्ताव बैठकीत मांडण्यापूर्वी संबंधित प्रत्येकाच्या कानावर घालणे असा होतो. ‘कानावर घालणे’ हा शब्दप्रयोग मराठीत आयताच आहे आणि आपल्या सहकारी संस्थांमध्ये तो रोज पाळलाही जातो. म्हणून जपानी बैठकीत अनपेक्षित नवी कल्पना मांडून छाप पाडण्याचा प्रयत्न करू नये. तेथे बैठक बहुधा आधीच ठरलेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब करण्यासाठी भरलेली असते.

इंग्रजी तर दोन्ही बाजूंना येते. मग गोंधळ नेमका कुठे होतो?

ते इंग्रजी दोघांपैकी कुणाच्याच घरचे नसते, हे आधी लक्षात घ्यावे. जर्मन माणूस जर्मन मनात ठेवून इंग्रजी बोलतो. ‘यू मस्ट नॉट चेंज इट’ असे तो म्हणाला तर ‘बदलू नका’ असे सांगतो आहे की ‘बदलण्याची गरज नाही’ असे, हे विचारून घ्यावे, कारण जर्मनमधील त्याच धाटणीच्या वाक्याचा अर्थ ‘गरज नाही’ असा आहे. जर्मन ‘इव्हेन्टुएल’ म्हणजे ‘कदाचित’, तर इंग्रजी ‘इव्हेन्च्युअली’ म्हणजे ‘अखेरीस’. तेव्हा ‘इव्हेन्च्युअली वी विल ऑर्डर’ हे वाक्य ऐकून कच्चा माल भरू नये. ‘बाय फ्रायडे’च्या जागी ते ‘अंटिल फ्रायडे’ म्हणतात, तेही याच कारणाने.

आपले इंग्रजीही आपल्यालाच कळते. ‘काइंडली डू द नीडफुल’ वाचून जर्मन माणूस नेमके काय करायचे ते शोधत बसतो. ‘प्लीज रिव्हर्ट ऑन द ड्रॉइंग’ याचा आपला अर्थ आराखड्याबद्दल उत्तर पाठवा, असा असतो. पण ‘रिव्हर्ट’चा सर्वत्र रूढ अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा आहे, त्यामुळे आराखड्याची आधीची आवृत्ती पुन्हा लागू करावी की काय, अशी शंका एका ग्राहकाने आम्हाला लेखी विचारली होती. ‘परवा’ हा तर आपला घरचाच घोटाळा आहे, कारण तो दिवस मागचाही असतो आणि पुढचाही. इंग्रजीत नेताना क्रियापदाकडे दुर्लक्ष झाले की चार दिवसांचा फरक पडतो.

सर्वांत महाग पडतात ते आकडे. जर्मनीत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि हजार वेगळे दाखवायला टिंब देतात. म्हणजे जर्मन कागदावर ‘१२,५’ हे साडेबारा असतात आणि ‘२.५००’ हे अडीच हजार. आपण दीड लाख लिहिताना स्वल्पविराम जेथे देतो तेथे जगात इतरत्र फारसे कुणी देत नाही. वेळेचेही तसेच: जर्मनमध्ये साडेतीनला ‘हाल्ब फिअर’ म्हणतात, म्हणजे चौथा तास अर्धा झाला. तोच माणूस इंग्रजीत ‘हाफ फोर’ म्हणाला तर ब्रिटिश ऐकणाऱ्याला साडेचार वाजता हजर व्हावेसे वाटेल. म्हणून वेळ १५:३० अशीच लिहावी. तारखेऐवजी ‘का-वे ३८’ असा उल्लेख आला तर तो वर्षातला अडतिसावा आठवडा असतो. हे आठवडे सोमवारी सुरू होतात आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा धरतात. असे आठवड्यांचे क्रमांक दाखवणारी दिनदर्शिका टेबलावर असू द्यावी.

यंत्रभागांच्या आराखड्यांतही बोली वेगळ्या आहेत. वस्तूच्या निरनिराळ्या बाजूंची दृश्ये कागदावर कोणत्या जागी मांडायची, याच्या दोन पद्धती आहेत: भारतात आणि जर्मनीत प्रथम कोनीय प्रक्षेप वापरतात, तर जपान आणि अमेरिकेत तृतीय कोनीय. कोणती पद्धत वापरली आहे हे सांगणारे कोपऱ्यातले छिन्न शंकूचे चिन्ह न पाहता कामाला लागलेल्या माणसाच्या हातून आरशातल्यासारखा उलटा भाग तयार होऊ शकतो, आणि तो भाग मापाला अगदी अचूक असतो.

‘झाले नाही का अजून?’ असे विचारल्यावर जपानी सहकारी ‘येस’ म्हणाले. झाले की नाही झाले?

नाही झाले. नकारार्थी प्रश्नाला जपानी माणूस ‘हो, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे’ या अर्थाने ‘येस’ म्हणतो. मराठीतही आपण ‘हो, नाही झालं अजून’ असे म्हणतोच. इंग्रजीत मात्र तेथे ‘नो’ येते. उपाय सोपा आहे: नकारार्थी प्रश्न विचारूच नये.

कुणाला काय म्हणून हाक मारावी? ‘सर’ चालते का?

जर्मन भाषेत ‘झी’ आणि ‘डू’ हा भेद आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’सारखाच आहे आणि ‘झी’वरून ‘डू’वर यायचे असेल तर तसे वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने सुचवावे, अशी जुनी रीत आहे. इंग्रजीत बोलताना मात्र तोच माणूस पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारा असे म्हणतो. आपल्या मुलांच्या जिभेला ते वळत नाही, म्हणून ती ‘थॉमस सर’ असा मधला मार्ग काढतात. त्यात काही बिघडत नाही. थॉमस सरांना थोडी गंमत वाटते एवढेच. जपानी माणसाच्या आडनावापुढे ‘सान’ लावावे आणि स्वतःच्या नावापुढे कधीही लावू नये.

या प्रश्नासाठी देशाबाहेर जाण्याचीही गरज नाही. मराठी माणूस ‘तुम्ही’ हे आदराचे म्हणून हिंदीत बिनधास्त ‘तुम’ वापरतो आणि लखनौहून बदलून आलेल्या वरिष्ठाला तो अपमान वाटतो, कारण त्याच्या हिंदीत आदर ‘आप’मध्ये असतो. चाकणच्या एकाच शेडमध्ये मराठवाड्यातला, बिहारमधला आणि तमिळनाडूतला कामगार शेजारी शेजारी उभा असतो, पण जर्मनीला जाणाऱ्या अभियंत्याला दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळते आणि या तिघांच्या फोरमनला एका तासाचेही मिळत नाही. ही उणीव मला जास्त खटकते.

बैठकीत आमची मुले बोलतच नाहीत, अशी तक्रार येते. त्यांना येत नाही असे नाही. काय करावे?

विभागप्रमुख खोलीत असताना त्यांच्याआधी बोलणे म्हणजे आगाऊपणा, हे त्या मुलांना घरात, शाळेत आणि नंतर नोकरीत शिकवलेले असते. डच अभ्यासक खेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि १९८० मध्ये त्यावरील निष्कर्ष मांडले. अधिकाराची उतरंड लोक किती सहज स्वीकारतात याचा जो निर्देशांक त्यांनी काढला, त्यात भारत ७७, जपान ५४ आणि जर्मनी ३५ वर आहे. आपली मुले मोठ्या फरकाच्या या दरीवर उभी राहून बोलत असतात.

‘मोकळेपणाने बोला’ असे सांगून काही होत नाही. विषयपत्रिका आदल्या दिवशी पाठवावी, कोणता मुद्दा कोण मांडणार हे नावानिशी लिहावे आणि विभागप्रमुखांनी सुरुवातीलाच ‘याचे उत्तर अमुक देईल’ असे म्हणावे. म्हणजे बोलणे हा आगाऊपणा न राहता आज्ञापालन होते. काही विभागप्रमुख त्या दिवशी मुद्दाम उशिरा येतात. तो सर्वांत गुणकारी उपाय आहे.

अशा निर्देशांकांवर किती विसंबून राहावे?

हवामानाच्या सरासरीवर विसंबावे तितकेच. सारी माहिती एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून घेतलेली होती, ती घेतल्यालाही अर्धशतक होऊन गेले आणि कोल्हापूर, कोलकाता आणि कोहिमा यांना मिळून एकच आकडा देणे कितपत योग्य, हा आक्षेप अभ्यासकांनीच घेतला आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये मांडलेली विभागणी मला रोजच्या कामात अधिक उपयोगी वाटते. काही समाजांत अर्थ मुख्यतः शब्दांत असतो, तर काहींत तो बोलणाऱ्याचे नाते, प्रसंग आणि न बोललेले यांत असतो, असे ते म्हणतात. त्यांच्या मांडणीत जर्मन भाषकांची जागा पहिल्या टोकाला आणि जपानची दुसऱ्या टोकाला आहे. समोरचा माणूस मात्र टोकावर उभा नसतो. जन्मभर गप्प बसणारे जर्मन आणि फटकळ जपानी मी पाहिले आहेत.

बैठकीची वेळ आणि सुट्ट्या यांचा मेळ कसा घालावा?

जपान वर्षभर आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतो. जर्मनी हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. तेथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलते आणि त्यानंतरच्या सोमवारी निम्म्या बैठका चुकतात. उन्हाळ्यात मात्र पुणे दोघांच्या बरोबर मध्यावर येते: आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असताना जर्मनीत सकाळचे नऊ आणि टोकियोत दुपारचे चार वाजलेले असतात. तिघांची एकत्र बैठक घ्यायची तर हीच वेळ बरी. आपले जेवण लांबते, त्याला इलाज नाही.

दिवसाचे काम संपवून मोकळे होण्याला जर्मनमध्ये ‘फायरआबेंड’ असा स्वतंत्र शब्द आहे. त्यानंतर केलेला फोन तातडीचाच असला पाहिजे. तेथील माणूस उन्हाळ्यात सलग दोन-तीन आठवडे रजेवर जातो आणि त्याच्या जागी कोण काम पाहणार हे आधी कळवतो. रजेवरच्या माणसाला गाठण्याचा प्रयत्न करू नये. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा सुट्ट्यांचा आठवडा आणि ऑगस्टच्या मध्यात येणारे ओबोन हे पूर्वजांच्या स्मरणाचे दिवस मोकळे सोडावेत. आपल्याकडच्या तारखा दर वर्षी बदलतात, हे त्यांना माहीत नसते. म्हणून गणपती, अनंत चतुर्दशी, दसरा आणि दिवाळी यांच्या तारखा आम्ही जानेवारीतच पाठवतो आणि खंडेनवमीला यंत्रांची पूजा होईपर्यंत उत्पादन बंद असेल, हेही लिहितो. एका जर्मन अभियंत्याने त्याच दिवशी चाचणी ठेवली होती. झेंडूचा हार घातलेल्या प्रेसपाशी बूट काढून तो तासभर उभा राहिला आणि मग पेढा खाऊन चाचणीला लागला.

पगार, लग्न, मुलेबाळे यांची विचारपूस करावी का?

ओळख होईपर्यंत करू नये. आपल्याकडे ती आपुलकी असते, जर्मनीत ती चौकशी वाटते. हवामान, फुटबॉल, सहल आणि जेवण हे विषय चालतात.

दर वेळी आपणच का बदलायचे? त्यांनी आपली रीत का शिकू नये?

प्रश्न रास्त आहे. प्रशिक्षणाचा बराचसा मजकूर भारतीयांनी कसे बोलावे यावरच असतो आणि ज्याच्या हातात ऑर्डर असते त्याची रीत ‘व्यावसायिक’ ठरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही काम दोन्हीकडून जुळवून घेतले तरच सुरळीत चालते, असा माझा अनुभव आहे. म्हणून परदेशी सहकारी पुण्यात आले की मी त्यांनाही एक गोष्ट सांगतो: ज्याचे उत्तर ‘हो’ देता येईल असा प्रश्न विचारू नका.

प्लेटिंगच्या प्रकरणातील ते जर्मन गृहस्थ पुढे दोनदा भोसरीला येऊन गेले. पहिल्या खेपेला त्यांनी आमच्या सुपरवायझरबरोबर प्लेटिंगवाल्याच्या शेडपर्यंत मोटारसायकलवरून चक्कर मारली आणि जनरेटर कुठे बसवता येईल यावर दोघे अर्धा तास बोलत होते. आता बुधवारच्या फोनवर ते ‘शुक्रवारी निघेल ना?’ असे विचारत नाहीत. ‘भाग आत्ता कुठे आहेत?’ असे विचारतात, आणि सुपरवायझर खिडकीतून बाहेर डोकावून बघतो व मग उत्तर देतो.